‘ऐच्छिक’ परीक्षा, सक्तीचं मेरिट : हिंगोलीतून पाहिलेला प्रवेशाचा इतिहास

9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं. त्या दहांत एक आमच्या हिंगोलीचं होतं. 1 मे 1999 रोजी परभणीतून फुटून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. अशा जिल्ह्यात डॉक्टर घडवणारं सरकारी कॉलेज आलं, याचा आम्हाला आनंद झाला आणि तो आम्ही लपवत नाही. पण त्याच आठवड्यात आपल्या पोरांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "कॉलेज हिंगोलीत आलं, पण आत बसणार कोण?" आणि मग जो वाद पेटला तो दोन दिवस विझला नाही.

एका बाजूचं म्हणणं, नीट रद्द करा, ही परीक्षा म्हणजे नवा मनुस्मृतीचा दरवाजा आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, परीक्षा आहे म्हणून तरी आडनाव न बघता मार्क पडतात. ती गेली तर प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा आणि डोनेशन यांच्या हातात आपलं भविष्य जाईल. दोन्ही बाजूंची मुलं आपली, चळवळीतली, आणि दोघांच्याही म्हणण्यात खरेपणा आहे. म्हणूनच घोषणा देऊन हा प्रश्न सुटत नाही. परीक्षेचा गुण दाखवून प्रवेश ही पद्धत आली कुठून, तिने कुणाला आत घेतलं, कुणाला बाहेर ठेवलं, आणि दर वेळी नियम बदलला तेव्हा तो कुणाच्या सोयीने बदलला, हा इतिहास आधी मांडला पाहिजे.

सुरुवात महात्मा फुल्यांपासूनच करावी लागते. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यातलं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं म्हणणं आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल एक मुद्दा आहे, तो मात्र आपण फारसा सांगत नाही. सरकारी शिष्यवृत्त्या तेव्हा चढाओढीच्या परीक्षेने दिल्या जात. जोतीरावांनी म्हटलं, ही पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच ती पोसते. इतर वर्गांत शिक्षण पसरवण्याचं काम तिच्याने होत नाही. मित्रांनो, हे 1882 साल आहे. तेव्हा ना कोटा शहर कोचिंगसाठी गाजलेलं होतं, ना लातूर पॅटर्न होता, ना पर्सेंटाइल. तरी सगळ्यांना एकच पेपर म्हणजे सगळ्यांना समान संधी, या युक्तिवादातली फट जोतीरावांनी तेव्हाच दाखवून दिली होती. शर्यतीची रेघ सरळ आखली म्हणून शर्यत न्याय्य होत नाही. कोण किती मैल चालून त्या रेघेपाशी पोचलं, हेही विचारावं लागतं.

आता बाबासाहेब. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. त्यांचे गुण होते 750 पैकी 282, म्हणजे 37.6 टक्के. हा आकडा आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातल्याच काहींना तो सांगायला लाज वाटते. लाज त्यांनी वाटून घ्यावी ज्यांनी संस्कृत शिकायची इच्छा असलेल्या मुलाला वर्गात संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावली. या 282 गुणांच्या पोराच्या मागे केळुसकर गुरुजी उभे राहिले, सयाजीराव गायकवाडांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती आली, 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि पुढचं जग जाणतं. सयाजीरावांनी गुणपत्रिकेवरची टक्केवारी बघून दार लावून घेतलं असतं, तर? भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमावलीत अनुसूचित जातींच्या उमेदवारासाठी बारावीच्या विज्ञान विषयांत आणि प्रवेश परीक्षेतही किमान 40 टक्क्यांची अट होती. मॅट्रिक वेगळी, बारावी वेगळी, हे आम्हालाही कळतं. पण सवलतीच्या त्या 40 च्या रेघेखाली कोण बसलेलं असू शकतं, याचं उत्तर आपल्या घराघरांत फोटोच्या चौकटीत आहे.

बाबासाहेब 1916 मध्ये कोलंबियातून बाहेर पडले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1919 मध्ये, त्याच कोलंबियाने प्रवेशासाठी एडवर्ड थॉर्नडाइक यांची बुद्धिमापन चाचणी वापरायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमधली स्थलांतरित ज्यू कुटुंबांची मुलं गुणांच्या बळावर मोठ्या संख्येने आत येऊ लागली होती आणि ती संख्या कमी करणं हा त्यामागचा हेतू होता, असं अमेरिकी इतिहासकारांनीच नोंदवलं आहे. पुढे 1926 मध्ये एसएटी ही परीक्षा आली. ती घडवणारे कार्ल ब्रिगहॅम यांनी 1923 साली एक पुस्तक लिहून उत्तर युरोपीय वंशाचे लोक इतरांपेक्षा बुद्धीने वरचढ असल्याचं सांगितलं होतं. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष मागे घेतला. निष्कर्ष मागे गेला, परीक्षा राहिली. आपल्याकडे ‘त्यांच्यात मुळातच कमी असतं’ हे वाक्य ऐकताना ब्रिगहॅम आठवावेत. निदान त्या माणसाने चूक कबूल केली.

मराठवाड्यात परत येऊ. हिंगोली म्हणजे निजामाच्या फौजेची छावणी. शाळा-कॉलेजचं नाव इथे उशिरा आलं. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, पण त्याचं माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या, त्यातही महार-मांगांच्या, पोराला हैदराबाद गाठणं आणि उर्दूतून पदवी घेणं म्हणजे चंद्रावर जाण्यासारखं. या प्रदेशात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. कॉलेज कुठे काढायचं याचा बाबासाहेबांनी विचार केला तेव्हा मुंबई-पुण्यासारखी गुणवत्तेची मिरवणूक त्यांना काढायची नव्हती. जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांनी ते नेलं. नागसेनवनात जी मुलं आली ती बहुतेक घरातली पहिली शिकणारी होती. कुणी थर्ड क्लास, कुणी एकदोनदा गचकलेलं. त्यांना आत घेऊन, वसतिगृहात ठेवून, शिकवून घडवायचं असा तो व्यवहार होता. तिथे शिकवणारे गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ चालवतात, त्या त्रैमासिकातून एक आख्खी साहित्यिक पिढी उभी राहते. मिलिंदच्या दारात गाळणी लावली असती तर यातलं किती उरलं असतं?

आम्ही हे भावनेने बोलत नाही. कॉलेजची गुणवत्ता आत येणाऱ्याच्या मार्कांवरून मोजायची की बाहेर पडणाऱ्याच्या घडणीवरून, हा सगळा प्रश्न आहे. मिलिंदने दुसरा मार्ग निवडला. आजची बहुतेक नामांकित कॉलेजं पहिला निवडतात, आणि वर्षानुवर्षं 95 टक्केवाले घेऊन 95 टक्केवाले बाहेर काढण्याला शिक्षण म्हणतात.

(नामांतराचा लढा इथे पूर्ण सांगत बसत नाही, वाचकांना तो माहीत आहे. पण 27 जुलै 1978 चा ठराव झाल्यावर मराठवाड्यात आपली घरं का पेटली, पोचीराम कांबळे यांना जीव का गमवावा लागला, याचं एक कारण हेही होतं की नागसेनवनातून शिकून आलेला पोरगा गावात आता मान खाली घालत नव्हता. 14 जानेवारी 1994 पर्यंत, म्हणजे साडेपंधरा वर्षं, एका पाटीवरचं नाव बदलायला लागली.)

वैद्यकीय शिक्षणात ही गोष्ट अधिक उघडी दिसते, कारण जागा मोजक्या. मराठवाड्यात पहिलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला 1956 मध्ये, दुसरं अंबाजोगाईला 1974 मध्ये, तिसरं नांदेडला 1988 मध्ये, लातूरला 2002 मध्ये. म्हणजे 1988 पर्यंत सगळ्या मराठवाड्यासाठी दोन सरकारी कॉलेजं. प्रवेश बारावीच्या गुणांवर, आणि त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना त्या क्षेत्रातल्या जागा. या नियमाने मराठवाड्याच्या मुलाला निदान पुण्या-मुंबईच्या मुलाशी थेट झुंजावं लागत नव्हतं. 1986 मध्ये निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा शंभर टक्के प्रादेशिक नियम मोडला. क्षेत्रातल्या मुलांसाठी 70 टक्क्यांहून जास्त जागा राखता येणार नाहीत, किमान 30 टक्के राज्याच्या इतर भागांतल्या मुलांना खुल्या ठेवा, असं सांगितलं. पुढे गाजलेल्या 70:30 सूत्राचं मूळ हे आहे. नियम मोडतानाच न्यायालयाने 70 टक्के मान्य केले, याचा अर्थ प्रदेशाचं मागासलेपण हे प्रवेशाच्या गणितात धरण्याजोगं आहे, हे तत्त्व मान्य केलं.

त्याच काळात अखिल भारतीय कोटा आला. 1984 च्या प्रदीप जैन निकालाने त्याचा पाया घातला, आणि 1986 मध्ये तो सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागांवर स्थिरावला. या जागांसाठी देशभर एक परीक्षा. आता लक्ष देऊन वाचा. या जागांवर अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण लागू झालं 2007 मध्ये. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ, दर वर्षी, देशातल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांमधल्या 15 टक्के जागा ‘शुद्ध मेरिट’ या नावाखाली आपल्या आरक्षणाबाहेर राहिल्या. ओबीसींना या कोट्यात 27 टक्के मिळायला 2021 साल उजाडलं. घटनेत कलम 15(4) 1951 पासून आहे. कलम होतं, जागा होत्या, मधे परीक्षा उभी होती आणि परीक्षेच्या आडून आरक्षण विसरलं गेलं. परीक्षा वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. परीक्षेचं नाव पुढे करून काय काय गिळता येतं, ते सांगतो आहोत.

मग सीईटी. 1997 च्या नियमावलीनेच सांगितलं होतं की ज्या राज्यात एकापेक्षा जास्त परीक्षा मंडळं आहेत तिथे समान मोजमापासाठी स्पर्धात्मक प्रवेश परीक्षा घ्या. एकविसावं शतक उजाडताना महाराष्ट्रात सीईटी रुळली. बारावीच्या बोर्डाच्या मार्कांचा जो बाजार मराठवाड्यात काही ठिकाणी भरायचा, कॉपीची केंद्रं, प्रॅक्टिकलचे वीसपैकी वीस, त्याला तिने आळा घातला हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण त्याच वेळी खासगी कॉलेजांनी आपली वेगळी असो-सीईटी उभी केली. 12 ऑगस्ट 2005 रोजी पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही असं म्हटलं, आणि अनिवासी भारतीयांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मात्र मोकळीक दिली. निकाल महाराष्ट्रातला, आणि फटका देशभर. संसदेला 93 वी घटनादुरुस्ती करून कलम 15(5) आणावं लागलं. ज्यांच्या बापाकडे डॉलर आहेत त्यांच्यासाठी मेरिटची रेघ वाकते, आणि ज्यांच्या बापाकडे हळद काढायचा विळा आहे त्यांच्यासाठी ती ताठ राहते. याला आम्ही जात म्हणतो, तुम्ही काय म्हणाल?

नीटचा प्रवेशही काही सरळ नाही. पहिली नीट 5 मे 2013 ला झाली. 18 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मतांनी रद्द केली. 11 एप्रिल 2016 ला तोच निकाल मागे घेण्यात आला, आणि परीक्षेला तीन आठवडे उरलेले असताना सांगण्यात आलं की नीट द्या. ती परीक्षा त्या वर्षी फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. अध्यादेश निघाला, राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली, महाराष्ट्राची सीईटी 5 मे 2016 ला झाली, आणि 2017 पासून नीट कायमची. मराठीत पेपर 2017 पासून मिळाला. पण सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, नीटमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकलं की एक वजा. अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर, आणि सेनगाव-औंढ्याच्या मुलाच्या हातात राज्य मंडळाचं पुस्तक. सुरुवातीच्या वर्षांत परीक्षेचं केंद्रही जिल्ह्याबाहेर, नांदेडला. आदल्या रात्री कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम, सकाळी बूट काढा, बाह्या आखूड करा, आणि मग तीन तासांत 180 प्रश्न.

हिंगोलीत हे कसं उतरतं ते इथल्या माणसालाच कळेल. वसमत-हिंगोलीकडे जानेवारीपासून हळदीची काढणी, उकडणं, वाळवणं, पॉलिश चालतं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाडव्याच्या आसपास परततात. नीटच्या तयारीचे महत्त्वाचे महिने नेमके हेच. दुसरीकडे लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षं राहायचं तर फी, खोली, मेस धरून लाखांत खर्च जातो. आणि आता तर ‘रिपीटर’ ही एक जमातच झाली आहे. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं फक्त नीट. ज्याच्या घरी तीन वर्षं बसून खायला आहे त्याचा तिसऱ्या प्रयत्नातला गुण, आणि ज्या मुलीचं लग्न बारावीनंतर थांबवायला घरात भांडण झालं तिचा पहिल्या प्रयत्नातला गुण, एकाच यादीत एकाखाली एक लागतात. यादीत प्रयत्नांचा रकाना नसतो.

आता 70:30 चं पुढचं वळण, आणि इथे आपल्यालाही थोडं आत्मपरीक्षण करावं लागेल. जे सूत्र एकेकाळी मराठवाड्याचं कवच होतं, तेच पुढे मराठवाड्याला बेडी वाटू लागलं. कारण सरळ होतं. कॉलेजं उर्वरित महाराष्ट्रात कितीतरी जास्त, मराठवाड्यात मोजकी. लातूर-नांदेडची मुलं गुण भरपूर काढत, पण 70 टक्के जागा आपापल्या प्रदेशाला राखीव असल्याने त्यांच्याहून कमी गुणांच्या मुलाला पश्चिम महाराष्ट्रात प्रवेश मिळे आणि यांना नाही. आंदोलनं झाली, याचिका झाल्या. 8 सप्टेंबर 2020 रोजी तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात हे सूत्र रद्द केल्याची घोषणा केली. मराठवाड्यात स्वागत झालं. आम्हीही तेव्हा स्वागतच केलं होतं.

पण मराठवाडा म्हणजे कोण? लातूरच्या क्लासमध्ये बसलेला मराठवाडा आणि कळमनुरीच्या आदिवासी वाडीतला मराठवाडा एक नाही. सूत्र गेलं तेव्हा पहिल्याला राज्यभरातली दारं उघडली. दुसऱ्याला काय मिळालं? त्याच्या जवळच्या नांदेडच्या कॉलेजातही आता सगळ्या राज्याच्या यादीतून मुलं येतात. प्रदेशाचं मागासलेपण हा निकष 1986 मध्ये न्यायालयाने ज्या विचाराने जिवंत ठेवला होता, तो सुधारून जिल्ह्यावर, तालुक्यावर, शाळेवर आणता आला असता. सुधारण्याऐवजी पुसून टाकला. आणि तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, हे नोंदवून ठेवतो.

याच्या पुढच्याच वर्षी एक छोटं नाट्य घडलं, जे बहुतेकांच्या विस्मरणात गेलं आहे. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली होती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो 99.95 टक्के. मग अकरावीचे प्रवेश कसे करायचे? 28 मे 2021 च्या शासन निर्णयाने सरकारने सीईटी जाहीर केली. शंभर गुणांची, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, आणि ‘ऐच्छिक’. हा शब्द नीट बघा. द्यायची त्याने द्या, नाही त्याने देऊ नका. पण जागा वाटताना आधी सीईटी दिलेल्यांना, आणि उरल्यासुरल्या जागा न दिलेल्यांना! म्हणजे पंगतीत बसायची सक्ती नाही, फक्त जे बसणार नाहीत त्यांना खरवड. मुंबई उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2021 ला, परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, ही सीईटी रद्द केली. अशी परीक्षा लादायला सरकारकडे कायद्याचा आधार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

चांगलं झालं. पण न्यायालयात कोण गेलं होतं ते विसरू नका. याचिका आयसीएसईच्या विद्यार्थिनीची होती, कारण पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होता आणि त्यांचं नुकसान होत होतं. म्हणजे पेपर त्यांच्या पुस्तकाबाहेरचा निघाला, तर तो अन्याय ठरला आणि अडीच महिन्यांत न्याय मिळाला. आपल्या मुलांना 2017 पासून त्यांच्या पुस्तकाबाहेरचा पेपर मिळतो आहे, त्याला ‘स्पर्धेची तयारी कमी पडली’ म्हणतात. आम्हाला त्या विद्यार्थिनीबद्दल राग नाही. तिने हक्क वापरला. आपण का वापरला नाही, एवढंच विचारतो.

‘ऐच्छिक’ची ही गंमत अमेरिकेतही झाली. 1969 मध्ये बोडिन या कॉलेजने एसएटीचा गुण कळवणं अर्जदाराच्या मर्जीवर सोडलं. कोरोनाच्या काळात तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी तेच केलं, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर गुण बघणंच बंद केलं. काळे आणि गरीब विद्यार्थी यांच्या बाजूचे लोक खूश झाले. पण 2022 मध्ये एमआयटीने आणि 2024 मध्ये डार्टमथने परीक्षा परत सक्तीची केली, आणि डार्टमथने दिलेलं कारण आपण शांतपणे ऐकण्यासारखं आहे. गरीब शाळांतली मुलं आपला गुण कमी समजून लपवत होती. खरं तर त्यांच्या शाळेच्या मानाने तो गुण उत्तम होता, आणि तो कळला असता तर त्यांना प्रवेश मिळाला असता. म्हणजे सक्ती की ऐच्छिक एवढ्यावर न्याय ठरत नाही. तो गुण कशाशी ताडून वाचला जातो, यावर ठरतो. पन्नास मुलांच्या वर्गात एकच विज्ञान शिक्षक असलेल्या शाळेतले 450 आणि वातानुकूलित क्लासमधले 550, हे दोन आकडे एका पट्टीवर ठेवणं हाच मुळात अडाणीपणा आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे ओळखलं आहे. 20 जानेवारी 2022 च्या नील ऑरेलिओ नूनेस निकालात अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण कायम करताना न्यायालयाने सांगितलं की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता असं नाही, त्या गुणांमागे घरचं सांस्कृतिक, आर्थिक भांडवल उभं असतं. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी 20 सप्टेंबर 2023 आठवावा. त्या दिवशी नीट पीजीची पात्रता सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. आरक्षणामुळे रुग्ण मरतील म्हणणारे एरवी चौकाचौकात भेटतात. शून्य पर्सेंटाइलवर कोट्यवधीची फी भरून खासगी कॉलेजात शिरणाऱ्याच्या हातून रुग्ण मरत नाहीत वाटतं! 2024 च्या नीटमध्ये 67 जणांना 720 पैकी 720 पडले, पेपर पाटणा आणि हजारीबागला फुटल्याचं न्यायालयानेच मान्य केलं, तपासाचे धागे आमच्या लातूरपर्यंत येऊन पोचले. तरी परीक्षा पवित्र.

मग आपली भूमिका काय? आम्ही नीट रद्द करा या घोषणेत सामील व्हायला तयार नाही. का, ते सांगतो. ज्यांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला परीक्षकाने आडनाव विचारून मग चेहरा बदललेला पाहिला आहे, त्यांना ओएमआर शीटची किंमत कळते. त्या कागदाला जात दिसत नाही. परीक्षा काढली आणि मुलाखत, शिफारस, ‘व्यक्तिमत्त्व’ आणलं तर तिथे कोण बसलेलं असेल हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे. तामिळनाडूचं उदाहरण दिलं जातं. तिथे अरियलूर जिल्ह्यातल्या अनिता या मजुराच्या दलित मुलीने बारावीत 1200 पैकी 1176 गुण मिळवले, नीटविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 1 सप्टेंबर 2017 ला आपलं जीवन संपवलं. तो आक्रोश खरा आहे. पण तामिळनाडूने नुसता आक्रोश केला नाही. न्या. ए. के. राजन समिती नेमून नीटनंतर सरकारी शाळांतली, तामिळ माध्यमातली किती मुलं घटली ते मोजलं. आणि 2020 मध्ये नीट पास झालेल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा आडव्या आरक्षणाने राखल्या. परीक्षा तीच, गुण तेच, फक्त वाचायची पट्टी बदलली.

महाराष्ट्रात ही मागणी कुणी लावून धरली? जिल्हा परिषद, आश्रमशाळा, समाजकल्याणच्या निवासी शाळांत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलासाठी असं आडवं आरक्षण मागितलं, तर ते आपल्या प्रवर्गांच्या आतही लागू होईल. आणि तिथे एक कडू सत्य आहे. आपल्याही समाजात आता दोन थर पडले आहेत. अधिकाऱ्याचा मुलगा आणि हळदीच्या शेतातल्या मजुराची मुलगी एकाच राखीव यादीत येतात आणि मुलगी मागे राहते. याचा फायदा उठवून क्रीमी लेयरवाले आपल्यात भांडण लावतील अशी भीती काही कार्यकर्ते बोलून दाखवतात. भीती रास्त आहे. पण शाळेचा निकष म्हणजे उत्पन्नाची चाळणी नव्हे. तो राखीव जागा कमी करत नाही, कुणाला प्रवर्गाबाहेर काढत नाही. एवढा फरक आपल्या पोरांना समजावून सांगता येतो.

मागणी करायची तर हातात आकडे हवेत, आणि आपल्याकडे ते नाहीत. म्हणून आम्ही हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. कॉलेज सुरू झाल्यापासून प्रत्येक वर्षी प्रवेश झालेले विद्यार्थी प्रवर्गनिहाय किती? त्यातले दहावी हिंगोली जिल्ह्यातल्या शाळेतून झालेले किती? जिल्हा परिषद किंवा आश्रमशाळेतून किती? मराठी माध्यमाचे किती? बारावी आणि प्रवेश यांच्यात एक, दोन, तीन वर्षांचं अंतर असलेले किती? नावं नकोत, फक्त संख्या. दहावीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका प्रवेशाच्या कागदपत्रांत असतेच, तेव्हा माहिती नाही हे उत्तर चालणार नाही. नांदेड, परभणी, लातूर, अंबाजोगाईच्या कॉलेजांसाठी हाच अर्ज तिथल्या साथींनी टाकायचा आहे. मसुदा आमच्याकडे आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तेवढा ज्याचा त्याने लावायचा.